आईला टोचलेली सुई

सोलापुरात मी कोळी पाळते. हे सांगितलं की माणसं आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग हातांकडं, कुठं काही चिकटलंय का म्हणून. काही चिकटलेलं नसतं. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातली शेवटची खोली माझी. खिडकी नाही, पण एसी आहे, कारण इथल्या उन्हाळ्यात माणसं कशीबशी तगतात, कोळ्याची अंडी तगत नाहीत. फळीवर प्लॅस्टिकच्या छोट्या डब्या मांडलेल्या आहेत आणि प्रत्येक डबीत एक मादी. घराच्या कोपऱ्यात जाळं करून बसते तीच, साधी, तपकिरी. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी खोली. "सुनेला मिळाली नाही ती तुमच्या कोळ्यांना मिळाली की, अक्का," असं आमची वैनी एकदा हसत म्हणाली होती.

पहिल्या माद्या मी मैत्रिणीच्या यंत्रमागाच्या शेडमधून पकडून आणल्या. काडेपेटीत. त्यांना खायला म्हणून पिकल्या केळ्यावर बारीक माश्या वाढवते, आणि त्या केळ्याचा आंबूस वास माझ्या ओढणीला कायम असतो. कॉलेजात कोणी बाहेरून तपासणीला येणार असलं की सगळ्या इमारतीची जळमटं काढायचा हुकूम निघतो. एकदा झाडू माझ्या दारापर्यंत आला होता. तेव्हापासून मी दारावर पाटी लावली आहे, 'येथील जाळी काढू नयेत.' लोक त्या पाटीचे फोटो काढतात. काढू देत बापडे.

मी बघते ती त्यांची अंडी. कोळीण अंडी घालून रेशमाच्या पिशवीत गुंडाळून ठेवते. ती पिशवी हळूच फोडायची, अंडी तेलात बुडवायची, की वरचं कवच पारदर्शक होतं आणि आतला सगळा कारभार सूक्ष्मदर्शकाखाली उघडा पडतो. सुरुवातीला अंडं म्हणजे नुसता पिवळट गोळा. डोकं कुठं, शेपटाकडची बाजू कुठं, पाठ कुठं, पोट कुठं, काही म्हणजे काही ठरलेलं नसतं. मग पेशी एका बाजूला जमून त्यांची चकती होते. चकतीच्या मधोमध पेशींचा बारका पुंजका उठतो आणि तो पुंजका चालायला लागतो. अहो, खरंच चालतो! मधून निघून चकतीच्या कडेला जातो, आणि ज्या बाजूला जातो ती पाठ होते. कुणी सांगितलं त्याला तिकडं जायला? जीननं. कुठल्या पेशीत कुठला जीन केव्हा जागा व्हायचा आणि केव्हा गप्प बसायचा, यावर सगळं ठरतं. डोळे, पाय, विष, रेशीम हे सगळं मागाहून येतं. पहिल्यांदा मी तो पुंजका सरकलेला बघितला तेव्हा मला रडू आलं, आणि मी रडणाऱ्यांतली नाही.

आता एखादा जीन नेमकं काय काम करतो हे कळायचं तर त्याला गप्प करून बघावं लागतं. कोळ्यात याची रीत मोठी मजेशीर आहे. अंड्याला हात लावायचाच नाही. मादीच्या पोटात बारीक काचेच्या सुईनं एक थेंब टोचायचा. त्या जीनचा निरोप पेशीत पोचण्याआधीच पुसून टाकणारं रसायन त्या थेंबात असतं. मादीला काही होत नाही. ती माश्या खाते, जाळं विणते, मजेत असते. पण पुढं ती जी अंडी घालते, त्यांत तो जीन गप्प असतो. मी ज्या जीनवर काम करते तो गप्प केला की पायांची पहिली जोडी येतच नाही. सहा पायांचा कोळी होतो.

हीच सुई एक दिवस माझ्यावर उलटली. पण त्याआधी वैनीचं सांगायला हवं.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, अक्कलकोटच्या बाजूच्या खेड्यातली. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. गोरीगोमटी, रडायला खणखणीत, आणि डाव्या हाताला तीनच बोटं. मधली दोन आलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. कारण सापडतं किंवा सापडत नाही. पोरगी ठणठणीत आहे, घरी न्या.

मी तेव्हा परगावी परीक्षेला गेले होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचले, तोवर निकाल लागलेला होता. आमच्या अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, बोटांवर महिने मोजले होते. दिवस गेलेले असताना ग्रहण लागलं होतं. ग्रहणात गरोदर बाईनं विळी-सुरी हातात धरायची नाही, चिरायचं नाही, कापायचं नाही, नाहीतर पोराचं काहीतरी कापलं जातं, हे आमच्याकडं सगळ्यांना पाठ. आणि वैनीनं ग्रहणात भेंडी चिरली होती. तिनं स्वतः कबूल केलं होतं. भेंडी, बघा! बोटांसारखी. अव्वाला याहून मोठा पुरावा नको होता.

त्या दिवसापासून त्या घरात वैनी गुन्हेगार. कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. अव्वा तिच्या हातचा चहा पीत होती. पण पोरीच्या हातातून पेला निसटला की अव्वा वैनीकडं बघायची. पोरगी बटण लावताना अडखळली की अव्वा उसासा टाकायची आणि "भोगा आता" म्हणायची. पाहुणे आले की तीच कथा, भेंडीसकट. वैनी भाकरी थापत ऐकायची. दादा, माझा भाऊ, मूग गिळून बसायचा. त्याचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी तासभर बोलेल, पण आईपुढं त्याची दातखीळ बसते. पोरगी मात्र तीन बोटांनी पतंग उडवायला शिकली.

मला हे सहन व्हायचं नाही. मी भांडायची.

"अव्वा, ग्रहण पडलं सातव्या महिन्यात. बोटं दुसऱ्या महिन्यातच ठरतात. त्यानंतर जगातल्या सगळ्या भेंड्या चिरल्या तरी एक बोट कमी होणार नाही."

"देवाला म्हयने मोजाय लागत न्हाईत," अव्वा म्हणायची.

"मग देवाला भेंडी तरी कशाला लागते?"

"हुच्ची हायस तू," अव्वा कानडीतला खास शब्द वापरून मला वेडी ठरवायची आणि विषय संपायचा. चार-पाच वर्षं हे असंच चाललं.

मग ती सुईची गोष्ट झाली. रात्री सगळे जेवायला बसलो होतो. भाचीनं विचारलं, आत्या, तू कोळ्यांना काय करतेस? मी खुशीत होते, त्या दिवशी पिशवीतून सहा पायांची पिल्लं निघाली होती. तिला समजेल असं सगळं सांगितलं. आईला सुई टोचते, आई छान राहते, पण नंतर तिला पोरं होतात त्यांना पाय कमी.

अव्वाचा घास हातात थांबला.

"थांब. सुई कुणाला टोचतीस?"

"आईला."

"आन बिघडतंय कोण?"

"पिल्लं."

"मग मी येवढी वर्सं काय येगळं म्हनाय लागलीय गं? आईनं केलं, पोरांनी भोगलं. तुज्या कालिजात बी तेच की!"

वैनी ताटात आमटी वाढत होती. तिनं वाढणं थांबवलं नाही, मान वर केली नाही, फक्त तिचे कान लाल झाले. दादा पाणी प्यायला. मी ताटावरून उठले. माझ्याच प्रयोगानं माझ्याच वैनीला पुन्हा दोषी ठरवलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही, इतका संताप झाला होता.

दोन दिवस मी अव्वाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी रिक्षा बोलावली आणि तिला म्हटलं, चल. कुठं, म्हणाली. म्हटलं, कोळ्यांकडं. ती नको-नको करत होती, पण आतून तिलाही बघायचं होतंच. चांगलं इरकल नेसून आली.

ज्या गोष्टीनं ती सुई खरी ठरते ती मी त्या रात्री सांगितलीच नव्हती. प्रयोगात फक्त जीन गप्प करायचं औषध टोचून भागत नाही. काही माद्यांना तशाच सुईनं नुसतं पाणी टोचायचं आणि काहींना काहीच करायचं नाही, हातसुद्धा लावायचा नाही. त्यांच्याशी ताडून बघितल्याशिवाय तुमच्या बोलण्याला काडीची किंमत नाही. मी अशाच एका हात न लावलेल्या मादीची पिशवी फोडली, अंडी तेलात ठेवली आणि अव्वाला सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. एक डोळा मिटायला तिला जमेना, म्हणून पदर धरला डोळ्यावर.

"अगं बया! मोती हायत की हे."

"नीट बघ. सगळे सारखे आहेत का?"

ती बराच वेळ बघत राहिली. "न्हाई. ह्यो एक काळा पडलाय. आन ह्या कडेच्याला... ह्याचा पाय वाकडा हाय काय गं?"

"वाकडा आहे."

"हिला काय टोचलं होतंस?"

"काही नाही. शपथ."

अव्वानं खोलीभर नजर फिरवली. मी म्हटलं, "ग्रहण शोधतेस काय? खिडकीच नाही इथं."

ती हसली नाही. पुन्हा नळीला डोळा लावला. मी तिला पोट भरेपर्यंत बघू दिलं आणि मग सांगितलं, की माझ्या सुईनं जे होतं ते असं होत नाही. तिथं एकजात सगळ्यांची तीच जोडी गळते, कारण मी नेमका तोच जीन गाठून बंद केलेला असतो. अशी सुई कुठल्या भेंडीत नसते, कुठल्या चंद्रात नसते. आणि इथं बघ, आईनं काही केलेलं नाही, तिला कुणी काही केलेलं नाही, तरी शंभरात दोन-चार अंडी चुकतातच. एका गोळ्याचा जीव होईपर्यंत किती गोष्टी जुळाव्या लागतात. एखादी जुळत नाही.

अव्वा स्टुलावरून उतरली, निऱ्या नीट केल्या. मला वाटलं, जिंकले.

"तू म्हनतीस जीन," ती सावकाश म्हणाली. "जीन म्हंजे रगतच की. बापाचं, आज्याचं. आपलं."

"हो. असूही शकतं."

"मग ह्ये भाईर बोलू नगंस. तुजं लगीन व्हायचंय अजून."

एसी चालू होता तरी माझ्या अंगाचा भडका उडाला. म्हणजे तिला कळत होतं! माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं कळत होतं. ग्रहण म्हटलं की दोष वैनीचा, ती परक्या घरची, तिच्याबरोबर आलेला आणि तिच्यापाशीच राहिलेला. रक्त म्हटलं की दादा आला, मी आले, सगळं घर आलं. घर धुऊन काढायला ती भेंडी फार सोयीची होती. मी अव्वाला रिक्षात बसवून दिलं आणि संध्याकाळपर्यंत घरी गेले नाही.

मला बघायला लोक येत होतेच. आधीच्या एका वेळी भाची घरात नव्हती. मी विचारलं तेव्हा कळलं की तिला आणि वैनीला शेजारी पाठवलंय, "गडबड नको" म्हणून. त्यानंतर मी अट घातली, की पोरगी आणि वैनी घरात नसतील तर मी बाहेर येणार नाही. बार्शीचं स्थळ आलं तेव्हा अव्वानं अट मान्य केली आणि ऐन उन्हाळ्यात पोरीला लांब बाह्यांचा फ्रॉक घातला. बाह्या बोटांच्याही खाली. मी जाऊन त्या कोपरापर्यंत दुमडल्या. अव्वानं बघितलं, पण पाहुणे दारात आले होते.

मुलगा, त्याची आई आणि त्याचा काका. भुसार मालाची अडत, घरचं चांगलं. मुलगा मोबाईल मांडीवर पालथा ठेवून बसला होता, वाईट वाटला नाही. वैनीनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, शेंगापोळ्या केल्या होत्या. काकांनी मला विचारलं, काय करता? मी सांगितलं. ते म्हणाले, कोळी म्हणजे? म्हटलं, जाळ्यातले. ते "अच्छा अच्छा" म्हणाले आणि सुशीला खाऊ लागले.

मुलाच्या आईनं भाचीला जवळ बोलावलं आणि शेंगापोळीचा तुकडा पुढं केला. पोरीनं डावा हात पुढं केला. तिला तो हात लपवायचा असतो हे कुणी शिकवलेलंच नव्हतं, मीच शिकवू दिलं नव्हतं.

"अगंबाई, हे काय?" त्या बाई म्हणाल्या. आणि मग, अव्वाकडं वळून, जरा आवाज उतरवून, "घराण्यात हाय का कुणाला?"

"छे छे!" अव्वाचं उत्तर तयार होतं. "आमच्यात असलं काय बी न्हाई. हिच्या आईनं गिराण पाळलं न्हाई बगा. भेंडी चिरत बसली. आता पोरगी भोगतीया."

वैनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. दादानं पंख्याकडं बघितलं. पोरीनं पोळीचा तुकडा तोंडात घातला आणि आईकडं बघत राहिली. ती पाच वर्षांची होती, तिला सगळं समजत होतं.

"खोटं आहे," मी म्हटलं.

"तू गप," अव्वा म्हणाली.

"गप बसायला मी काही पंखा बघत नाहीये." हे दादाला लागलं, लागू दे. मी त्या बाईंकडं वळले. "तुम्ही विचारलं ते बरोबर विचारलं. घराण्यात असू शकतं. दादाकडून आलं असेल, वैनीकडून आलं असेल, नाहीतर कुणाकडूनच आलं नसेल, नुसतं घडलं असेल. तपासणी केलेली नाही, कारण या घरात कुणाला उत्तर नकोय. माझ्यातही असेल. उद्या मला मूल झालं तर त्यालाही तीन बोटं असू शकतात, आणि असली तर तो त्या तीन बोटांनी जेवेल. हे चालत असेल तर पुढचं बोलू. पण ग्रहणानं झालेलं नाही, भेंडीनं झालेलं नाही आणि माझ्या वैनीनं केलेलं नाही."

"मुलगी लई बोलते," काका मुलाच्या आईला म्हणाले, मी तिथं नसल्यासारखे.

"साक माड!" अव्वा ओरडली. आमच्यात पुरे कर म्हणायचं असलं की असं म्हणतात, पण पाहुण्यांसमोर ती कधी कानडीत ओरडत नाही. "आमच्या रगताला नावं ठेवतीस? तिनं सोता कबूल केलंय, सोता! विचारा तिला, हितंच हाय ती!"

सगळ्यांनी वैनीकडं बघितलं. वैनीनं ट्रे टेबलावर ठेवला. हात पदराला पुसले.

"मी चिरलंच नव्हतं," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. मलासुद्धा.

"अत्ती," तिनं सासूला हाक मारली, आवाज साधा, रोजचा, "मी त्या दिवशी भेंडी चिरली नव्हती. काय बी चिरलं नव्हतं. तुमी सांगितलं तसं आतल्या खोलीत बसले होते, पानी बी प्याले नव्हते."

"मग तवा दवाखान्यात..."

"टाके वले होते माजे. पोरगी कुशीत होती, तिचा हात तवाच बघितला होता मी. तुमी सगळ्या खाटंभवती. आठव, काय चिरलंस. न्हाई म्हनलं की परत आठव. नीट आठव. सुई तरी धरली असशील, सुपारी तरी कातरली असशील. मग मी म्हनलं, व्हय, भेंडी चिरली. तोंडाला आलं ते म्हनलं. मग तुमी समद्या भाईर गेला आन मला झोप लागली."

इतकी वर्षं मी भेंडी चिरल्यानं काही होत नाही म्हणून भांडत होते. अंडी, पेशी, महिने, सगळं आणून ओतलं होतं त्या घरात. चिरली का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

पाहुणे उठले. मुलाच्या आईनं जाताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, एवढं मात्र खरं. मुलगा दारात थांबून मला काहीतरी म्हणणार होता, काकांनी त्याला जिन्यावरून खाली बोलावलं. स्थळ गेलं. मी पुन्हा असंच बोलेन, आणि पुढचं स्थळही जाईल तर जाऊ दे.

दार लावून दादा आत आला. तो बायकोसमोर उभा राहिला. वैनी कप गोळा करत होती. अव्वा खुर्चीतच बसून होती, एकदम म्हातारी दिसत होती.

"मग कशानं झालं गं ते?" तिनं विचारलं. मला नाही, वैनीला.

"म्हाईत न्हाई. कुनालाच म्हाईत न्हाई. माज्यामुळं न्हाई, येवढं म्हाईत हाय."

"आन मग येवढी वर्सं बोलली का न्हाईस?"

वैनीनं शेवटचा कप ट्रेमध्ये ठेवला.

"तुमी परत आठव म्हनला असता," ती म्हणाली.